झाडाला जागा हवी, ती पार्किंगमधून काढा

दर जूनमध्ये सांगलीत एक वाद नव्याने उगवतो. घरासमोरच्या, दुकानासमोरच्या फूटपाथवर नागरिकांनी झाडे लावावीत की नाही? एकीकडे रोपे वाटणारी मंडळे, शाळा आणि उत्साही ग्रुप. दुसरीकडे दुकानदार, गाडीवाले आणि ‘आधी चालायला तर जागा द्या’ म्हणणारे ज्येष्ठ नागरिक. पहिले दुसऱ्यांना निसर्गाचे वैरी ठरवतात, दुसरे पहिल्यांना फोटोपुरते वृक्षप्रेमी. दोन्ही आरोपांत थोडे तथ्य असल्याने वाद मिटतही नाही. पण झाड की फूटपाथ, असा प्रश्न मांडला की रस्त्याचा सगळ्यात मोठा भाग चर्चेतून गुपचूप निसटतो. शंभर फुटी रस्ता म्हणजे तीस मीटर. त्यातल्या दोन्ही कडेच्या पट्ट्या दिवसभर उभ्या गाड्यांखाली असतात. त्या पट्टीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, आणि झाड व म्हातारा माणूस मात्र उरलेल्या दीड मीटरवर एकमेकांशी भांडतात.

माझे म्हणणे असे : नागरिकांनी रस्त्याकडेला झाडे लावावीत आणि महापालिकेने ती लावू द्यावीत. मात्र त्यांची जागा चालणाऱ्याच्या वाट्यातून न घेता उभ्या गाडीच्या वाट्यातून घ्यावी. लावणाऱ्याने तीन वर्षांचे संगोपन लेखी पत्करावे, आणि त्यानंतर झाड पूर्णपणे पालिकेचे व्हावे. यातली एकही अट गाळली तर बाकीच्यांना अर्थ राहत नाही, हे पुढे दिसेलच.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा आधी घेऊ. फूटपाथ चालण्यासाठी आहे. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा हा हक्क थेट घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला आणि अडथळा नसलेले, अपंगांनाही वापरता येतील असे पदपथ द्या म्हणून राज्यांना बजावले. भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी आणि 2.2 मीटर उंची पूर्ण मोकळी मागतात. आता गणपती पेठेत किंवा हरभट रोडवर टेप लावून बघा. फूटपाथ जिथे आहे तिथेही विजेचा खांब, डीपी, दुकानाची पायरी आणि पाटी यांच्यातून वाट काढावी लागते. त्यातच मीटरभराचे आळे कापले तर उरते काय? व्हीलचेअर लांबच राहिली, दोन्ही हातांत पिशव्या असलेली बाईसुद्धा सरळ रस्त्यावर उतरते. मग त्या झाडाची सावली नेमकी कोणासाठी?

दुसरा मुद्दा तितकाच खरा आणि जास्त लाजिरवाणा आहे. हिरवाईच्या नावाखाली आपल्याकडे सर्रास अतिक्रमण चालते. गेटबाहेर चार कुंड्या, त्यांना साखळी, मग लोखंडी जाळी, आणि वर्षभरात ती जागा ‘आमची’. कुंड्यांतली तुळस वाळून जाते, साखळी तेवढी राहते. झाडाभोवती सिमेंटचा कट्टा बांधून त्याला घरच्याच ग्रॅनाइटची फरशी बसवणारेही कमी नाहीत. ज्यांना रस्त्याकडेची हिरवाई खरोखर हवी आहे त्यांनी या प्रकाराला सर्वांत आधी विरोध करायला हवा होता. तो केला नाही, म्हणून प्रामाणिकपणे लावलेल्या झाडाकडेही लोक संशयाने बघतात.

तिसरा मुद्दा मुळांचा. गटार फुटते, पेव्हर उचलले जातात, कंपाउंडला तडे जातात. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. भिंतीलगत मोठे झाड असेल तर ते उन्हाळ्यात तिथली उरलीसुरली ओल शोषून माती आणखी आकसवते. झाड नसतानाही काळ्या मातीवरच्या भिंती तडकतात, पण झाडाने त्यात भर पडत नाही असे म्हणता येणार नाही.

मात्र पाइप आणि पेव्हर यांच्या बाबतीत मुळांवरचा ठपका अर्धवट आहे. मूळ धडधाकट पाइप फोडून आत शिरत नाही. चिनीमातीच्या जुन्या पाइपांचे सांधे पाझरतात, तिथे ओल मिळते, आणि मूळ त्या फटीतून आत जाते. म्हणजे गळती आधी, मूळ नंतर. पेव्हरचेही तसेच आहे. फूटपाथ करताना खाली मुरूम टाकून रोलरने असा दाबतात की त्यात हवा राहत नाही. हवा आणि ओल दोन्ही मिळण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे पेव्हरच्या लगेच खालचा खडीच्या चुऱ्याचा दोन-तीन इंचांचा थर. मुळे तिथेच पसरतात, जाड होतात आणि फरशी उचलतात. झाडाला खाली जायला वाव दिला असता तर ते वर का आले असते? दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन सोडून बाकी सगळे सिमेंटने बुजवायचे आणि मग झाडाला दोष द्यायचा, हा आपला रिवाज. बुंध्याभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी दिला होता. ते एक मीटरही झाड जेमतेम जगण्यापुरतेच. मध्यम आकाराच्या झाडाला पुढे आठ-दहा घनमीटर सैल माती लागते आणि आपण देतो त्याच्या दशांशाहून कमी.

म्हणूनच पार्किंगच्या पट्टीकडे वळायचे. हिशेब मांडू. रस्त्याची एक बाजू, लांबी 100 मीटर. दर 12 मीटरला एक झाड धरले तर आठ झाडे. प्रत्येकासाठी पार्किंगच्या पट्टीत 2 मीटर बाय 2 मीटरचा कर्बस्टोनचा कप्पा. एकूण 16 मीटर गेले, म्हणजे अठरा चारचाकींतल्या तीन. दुचाकींच्या भाषेत साधारण सोळा ते वीस. हा तोटा लहान नाही. मारुती चौकाच्या आसपास गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला तो नक्की जाणवेल. पण बदल्यात फूटपाथ इंचभरही कमी होत नाही, मुळे घरांच्या पायापासून दीड-दोन मीटर आणखी लांब जातात, फांद्या दुकानाच्या पाटीवर न येता रस्त्यावर येतात, आणि सावली चालणाऱ्यालाही मिळते, उभ्या गाडीलाही. मे महिन्यात 38-40 अंशांत तासभर उन्हात राहिलेल्या दुचाकीच्या सीटवर बसलेल्याला यातला फायदा वेगळा समजवावा लागणार नाही. कप्प्याची कड 15 सेंटिमीटर उंच ठेवावी, म्हणजे चाक वर चढत नाही. रस्त्यावरचे पाणी ज्या बाजूने वाहत येते तिथे मात्र वीतभराची फट हवी, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरते. ही फट विसरली तर शेजारून पाणी वाहत असताना झाड तहानलेले राहते.

हे सगळीकडे जमणार नाही. गावभागातल्या, खणभागातल्या अरुंद बोळांत पार्किंगची पट्टीच नाही. तिथे रस्त्यावर झाड लावूच नये. अंगणात, कंपाउंडच्या आत लावावे आणि फांदी बाहेर येऊ द्यावी. चौकाच्या कोपऱ्यापासून 10 मीटरच्या आत झाड नको, वळणाऱ्याला समोरचा दिसत नाही. दिव्याच्या खांबापासून चार-पाच मीटर अंतर ठेवावे, नाहीतर झाड दिवा झाकते आणि मग दिव्यासाठी झाड छाटले जाते.

आता जरा मागे जाऊ. रस्त्याकडेच्या झाडांचा विषय निघाला की सम्राट अशोक आलाच. दिल्ली-तोपरा स्तंभावरच्या सातव्या लेखात माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावल्याची नोंद आहे. सभेत इतके सांगून वक्ते थांबतात. त्याच लेखात पुढे अशोक म्हणतो की हे सुख फार मोठे नाही, आधीच्या राजांनीही ते दिले होते. झाड लावणे हा त्यालासुद्धा विशेष पराक्रम वाटला नाही! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला झाडांविषयीचा भागही आपण असाच सोयीने वापरतो. आरमारासाठी आंबा-फणस तोडू नयेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, एवढे सर्वांना तोंडपाठ. पण अगदी जीर्ण झाड घ्यायचे असेल तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, हेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे झाडाला धनी होता. त्याला विचारावे लागे, कारण वर्षानुवर्षे पाणी त्याने घातलेले असे. आजच्या फूटपाथवरच्या झाडाचा धनी कोण? लावणारे मंडळ फोटो काढून गेले. समोरचा दुकानदार म्हणतो मी लावले नाही. उद्यान विभाग म्हणतो आमच्या यादीत नाही.

धनी नसण्याचा परिणाम सरकारी पातळीवरही दिसतो. वनमहोत्सव 1950 मध्ये सुरू झाला, महाराष्ट्राने 2019 च्या एका पावसाळ्यासाठी 33 कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले. लक्ष्य नेहमी लावण्याचे असते. जगवण्याचा आकडा कधी फलकावर पाहिला आहे? भोसे गावच्या जुन्या वडासाठी 2020 मध्ये लोक उभे राहिले आणि महामार्गाची आखणी बदलायचे ठरले. उभ्या झाडासाठी आपण भांडतो. लावल्यावर दुसऱ्या मे महिन्यात मान टाकणाऱ्या रोपासाठी भांडायला कोणी येत नाही.

मग लावणाऱ्या नागरिकालाच कायमचा धनी करावे काय? हा उपाय ऐकायला गोड आहे, पण अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोने तो करून पाहिला आहे. तिथे फूटपाथवरच्या बहुतेक झाडांची निगा आणि झाडामुळे उखडलेला फूटपाथ यांची जबाबदारी समोरच्या घरमालकावर होती. ज्यांना खर्च झेपत नव्हता त्यांची झाडे तशीच राहिली. ज्याने झाड लावलेलेही नव्हते त्याच्या अंगावर दुरुस्ती आली आणि झाड म्हणजे डोक्याला ताप असा समज झाला. शेवटी नोव्हेंबर 2016 मध्ये नागरिकांनी मतदान करून ही जबाबदारी शहराकडे सोपवली आणि त्यासाठी दरवर्षी 19 दशलक्ष डॉलरची तरतूद बांधून दिली. आपण तीच चूक करायला जाऊ नये. नागरिकाला जमते ते पाणी, आळे, राखण. उंच फांदीची छाटणी, तारेजवळचे काम, पडलेल्या झाडाची भरपाई हे त्याच्या गळ्यात घालणे अन्याय आहे आणि धोक्याचेही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत विचित्र कोंडी करतो. 1949 च्या महापालिका अधिनियमाखाली रस्त्यावरचा अडथळा आयुक्त विनानोटीस हटवू शकतात. म्हणजे तुमचे आळे, जाळी, कट्टा कधीही जाऊ शकतो. उलट झाड एकदा वाढले की 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळते आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते हटवता येत नाही, भले ते नेमके चेंबरवर का लावलेले असेना. लावताना कोणी विचारत नाही, काढताना सगळे विचारतात. यावर उपाय म्हणजे आधीच केलेला एक पानी करार. त्यावर जागेचा नकाशा, जात, लावल्याची तारीख, तीन वर्षे पाणी देणाऱ्याचे नाव, शेजारच्या दोन्ही मिळकतदारांच्या सह्या, आणि पाणीपुरवठा, ड्रेनेज व महावितरण यांच्या खुणा. तीन वर्षे पूर्ण झाली की झाडाला क्रमांक आणि पालिकेच्या नोंदवहीत जागा. एवढ्याने कुंड्या-साखळीवाले आपोआप गळतात, कारण त्यांना सही करायची नसते.

आता प्रत्यक्ष लावण्याबद्दल, कारण बहुतेक झाडे इथे मरतात, वादात नाही. खड्डा जेसीबीने काढू नये. वरचे दोन फूट तरी हाताने, कुदळीने खणावेत. केबल किंवा गॅसच्या पाइपवरची रंगीत पट्टी दिसली की थांबता येते. जेसीबीचा दुसरा तोटा काळ्या मातीत दिसतो. खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळे त्यांना छेदत नाहीत आणि गोल फिरत बसतात. म्हणून भिंती कुदळीने खरवडाव्यात. रुंदी-लांबी दीड मीटर, खोली मात्र रोपाच्या मातीच्या गड्ड्याइतकीच, फार तर वीतभर जास्त. खोल खड्ड्यात भुसभुशीत माती खाली बसते, रोप खचते आणि बुंधा मातीत गाडला जाऊन कुजतो. खड्डा पूर्ण लाल मातीने भरण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आहे, तीही घातक. भोवती चिकट काळी माती आणि मध्ये सच्छिद्र लाल माती, म्हणजे पावसात पाण्याने भरलेला हौद. निघालेली काळी माती दोन भाग, पोयटा एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, आणि वाळवीसाठी किलोभर निंबोळी पेंड. शेणखत कच्चे असेल तर हुमणी येते. हे ऊस करणाऱ्याला सांगायला नको, शहरातल्याला सांगावे लागते.

रोप दीड-दोन वर्षांचे, सहा फुटांच्या आसपास, अंगठ्याएवढ्या जाडीचे घ्यावे. दोन फुटी फुकटचे रोप रस्त्यावर टिकत नाही. शेळी खाते, नाहीतर गाडी मागे घेताना मोडते. पिशवी फाडल्यावर गोल गुंडाळलेली मुळे दिसली तर गड्ड्याला उभे तीन-चार छेद द्यावेत. तसेच लावले तर पाच-सात वर्षांनी तीच मुळे बुंध्याला आवळतात आणि वादळात झाड मुळासकट आडवे होते. आधाराला एक काठी न देता दोन बाजूंना दोन बांबू लावावेत, सायकलच्या जुन्या ट्यूबने सैल आठाच्या आकारात बांधावे, आणि दुसऱ्या वर्षी सोडावे. थोडे हलल्याशिवाय बुंधा जाड होत नाही. ट्री गार्ड पाच-सहा फूट उंच हवा आणि बुंधा त्याला टेकण्याआधी तो काढलाच पाहिजे. जाळी सालीत रुतून खोडातच गिळली गेलेली झाडे शहरात किती आहेत, चालताना नजर टाकावी.

पाण्याची हरकत नेहमी घेतली जाते. पहिल्या वर्षी पावसाळा सोडून आठवड्यातून दोनदा 20 लिटर, दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा 40, तिसऱ्या वर्षी पंधरवड्याला 60. तीन वर्षांची बेरीज चार हजार लिटरच्या आत येते, एका छोट्या टँकरपेक्षा कमी. रोज तांब्याभर पाणी घालणारे मात्र झाड बिघडवतात. मुळे वरच्याच थरात राहतात आणि गावाला गेल्यावर चार दिवसांत झाड सुकते. आळ्यात उसाच्या पाचटाचा आठ-दहा सेंटिमीटरचा थर द्यावा, बुंध्यापासून चार बोटे लांब. पाचट आपल्या जिल्ह्यात पेटवून दिले जाते, ते इथे उपयोगी पडेल. लावण्याचा मुहूर्त 5 जून ठेवण्याचा हट्टही सोडावा. आपल्याकडचा पाऊस मुळात थोडा आणि सुरुवातीला बेभरवशाचा. दोन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर भिजली की लावावे, मग जुलै उजाडला तरी चालेल.

जातीच्या निवडीत हौसेपेक्षा डोके वापरावे. बहावा सगळ्यांना हवा असतो, कारण एप्रिल-मेमध्ये तो पिवळाधमक होतो. पण त्याच सुमारास त्याची पाने झडलेली असतात. सावली सर्वांत जास्त लागते तेव्हा हा फोटो देतो, सावली देत नाही. करंज दिसायला साधा, पानांवर गाठी येतात, फुलांचा सडा पडतो. पण कडक उन्हाआधी नवी पालवी धरतो, काळ्या मातीत रमतो आणि पुराचे पाणी सोसतो. 2005, 2019 आणि 2021 पाहिलेल्या शहरात हा शेवटचा गुण सर्वांत वर धरावा. नदीकडच्या, पाणी येणाऱ्या भागात करंज आणि तामण. रस्ता फार रुंद असेल तर अर्जुन. कडुनिंब उंचावरच्या विश्रामबाग-कुपवाडकडे उत्तम, पण मुळाशी पाणी साचले की मरतो. तारांखाली कांचन किंवा पारिजातक, त्याहून मोठे काही नाही. वड, पिंपळ, उंबर मैदानात आणि नदीकाठी. सह्याद्री देवराई या वृक्षलागवडीच्या उपक्रमासारख्या कामातून माळरानावर जे शोभते ते रस्त्याच्या कप्प्यात शोभेलच असे नाही. गुलमोहर आणि रेन ट्री लवकर वाढतात, लवकर मोडतात. पुरानंतर आणखी एक काम असते, ते कोणी करत नाही. आळ्यात बसलेला गाळ आठवड्याभरात काढायचा. वीतभर गाळ राहिला तर मुळांचा श्वास कोंडतो आणि झाड महिन्या-दोन महिन्यांनी मरते. तोवर पूर विसरलेला असतो, म्हणून रोग पडला असे समजले जाते.

शेवटची हरकत : पालिकेकडे माणसे नाहीत, तीन वर्षांनंतर ती करणार काय? हरकत खरी आहे. म्हणूनच संख्या कमी ठेवायची. एका प्रभागात वर्षाला पन्नासच झाडे, पण करारावरची. ती बघायला नोव्हेंबरात एक फेरी आणि मार्चमध्ये एक फेरी पुरते. छाटणीचेही पहिल्या तीन-चार वर्षांत ठरून जाते. मुख्य खोड एकच ठेवले आणि खालच्या फांद्या हळूहळू काढून 2.2 मीटरच्या वर नेल्या, तर पुढे महावितरणला पावसाळ्यापूर्वी एका बाजूने झाड तासावे लागत नाही. एका बाजूने तासलेले झाड दुसऱ्या बाजूला कलते आणि वळवाच्या वाऱ्यात पडते. मग लोक म्हणतात झाडे धोकादायक आहेत.

फूटपाथच्या मधोमध आधीच उभी असलेली जुनी झाडे तोडायची का, असा प्रश्न यातून निघतोच. नाही. बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढावे, मुळांवर फरशी उचलली असेल तिथे मूळ न तोडता फूटपाथ थोडा चढवून घ्यावा, आणि झाडाच्या जागी चालणाऱ्यासाठी पार्किंगच्या बाजूने दीड-दोन मीटरचे वळण काढून द्यावे. गुलमोहर पोखरलेला असेल तर आधी शेजारच्या पार्किंगच्या कप्प्यात करंज लावावा. तो पाच-सहा वर्षांत डोक्यावर गेला की मग वृक्ष प्राधिकरणाकडे गुलमोहरासाठी अर्ज करावा.